कवीचे बिऱ्हाड

गणपतीसाठी मुंबईच्या काळाचौकीहून रत्नागिरीकडे निघालेल्या चाकरमान्याने गणपतीपुळ्याचे दर्शन आटोपल्यावर लगतच्या मालगुंडास अवश्य जावे. कारण १८६६ साली तेथे जन्मलेल्या केशवसुतांचे कौलारू घर कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारकरूपाने जतन केले असून, आवारात शिळांवर कोरलेल्या त्यांच्या कविता उभ्याउभ्या वाचता येतात. शिक्षकाच्या तुटपुंज्या तनख्यापायी मुंबई, फैजपूर, धारवाड असे बिऱ्हाड हलवीत राहिलेला हा कवी १९०५ साली हुबळीस प्लेगने निवर्तला. त्याच्यासारखाच भटका, जपानचा पदयात्री हायकूकार बाशो १६९४ साली ओसाकास प्रवासातच कालवश झाला, आणि त्याचेही स्मारक-संग्रहालय आज टोकियोत आहे. हयातीत ज्यांना कायमचा मुक्काम लाभला नाही, त्यांची घरे समाजाने मागाहून सजविली, हे उचितच. तथापि शेजारच्या भाड्याच्या खोलीत कोणी लिहिता माणूस राहत असेल, तर त्याची विचारपूस आजच करावी, हे अधिक श्रेयस्कर.