स्वरक्षणाची मर्यादा

संन्यस्तास शस्त्र सर्वथा वर्ज्य आहे. परंतु संसारी वासनिकावर आश्रितांच्या रक्षणाचा भार असतो, हे मान्य करूनच हा विचार मांडावयाचा आहे. प्रश्न रक्षणाचा नाही, त्याच्या मर्यादेचा आहे. अमेरिकेत या मर्यादेवरून मोठा वाद चालू आहे. त्या देशी राहणाऱ्या सद्भक्तासही त्यात आपले मत ठरवावेच लागेल.

तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वरक्षणार्थ घरी पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा हक्क ठरविला. पिस्तुलात काडतुसांचा जो कप्पा बसवितात त्यास मॅगझिन म्हणतात. दहाहून अधिक काडतुसांची नवी मॅगझिने नागरिकांस विकण्यास १९९४ ते २००४ पर्यंत देशभर बंदी होती. ती मुदत संपली. आता कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आदी काही राज्यांतच तसा निर्बंध आहे.

येथे शंका अशी की, हल्लेखोर अनेक असतील, घाबरल्याने नेम चुकेल, पोलीस दूर असतील. मग दहा काडतुसे कशी पुरावी? शिवाय दुष्ट मनुष्य कायदा पाळतो थोडाच?

यावर समाधान. ही शंका पोकळ नाही. असा प्रसंग क्वचित ओढवेलही. परंतु गरज आणि भय यांत भेद आहे. गरजेला माप असते, भयाला नसते. भयाने मोजू लागलेल्यास दहा अपुरी वाटतात, तशी तीसही वाटतील. आणि नेम चुकतो म्हणून अधिक गोळ्या हव्यात, असे म्हणणाऱ्याने चुकलेली गोळी जाते कोठे हेही पाहावे. ती शेजाऱ्याची भिंत भेदून निजलेल्या बालकापर्यंत जाऊ शकते.

दुसरे असे की, जे साधन रक्षकास मिळते तेच घातक्यासही मिळते. ८ जानेवारी २०११ रोजी ॲरिझोनातील टुसॉन येथे लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या भेटीस जमलेल्या लोकांवर एकाने तेहतीस काडतुसांच्या मॅगझिनमधून गोळ्या झाडल्या. सहा जण मेले. त्यांत नऊ वर्षांची एक बालिका होती. तो मॅगझिन बदलू लागला, तेवढ्या अवकाशात जवळच्या लोकांनी त्यास खाली पाडले. तो अवकाश दहा काडतुसांनंतर आला असता तर? कायदा दुष्टाचे मन पालटत नाही हे खरे, पण इतरांस तो क्षण लवकर मिळवून देऊ शकतो.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस विदित आहे. पारध्यांच्या भयाने आलेल्या सशास स्वामींनी आश्रय दिला आणि पारध्यांसही हिंसेपासून निवृत्त केले. तेथे रक्षण झाले, पण कोणाचा घात झाला नाही. ते सामर्थ्य ईश्वराचे. जीवास ते नाही. तरी दिशा तीच आहे : रक्षण असे असावे की त्यात घात कमीत कमी घडावा. कर्म ज्याच्या हातून घडते त्यासच भोगावे लागते. तेथे भयाची सबब चालत नाही. म्हणून गृहस्थाने दार भक्कम करावे, शेजार जोडावा, संकटात प्रथम आश्रितांस दूर न्यावे. आणि शस्त्र ठेवलेच तर त्यास मर्यादा घालणारा नियम आपला शत्रू मानू नये.

दंडवत प्रणाम.