पहिला मासा कोणाचा?

मनुष्य स्वकष्टानें जें मिळवितो, तें सर्वस्वीं त्याचेंच असतें काय?

अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानाच्या सरोवरांत वॉलआय नांवाचा मासा असतो. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतविणारा पडदा असल्यामुळें त्याला अंधुक उजेडांत चांगलें दिसतें. म्हणून तो सायंकाळीं भक्ष्यासाठीं उथळ पाण्यांत येतो, व ज्याच्यापाशीं होडी नाहीं त्यालाहि कांठावरून धरतां येतो. अनेकदां रिक्तहस्तें परतलेल्या नवशिक्याच्या गळाला पहिला वॉलआय लागला, म्हणजे ‘हा माझा’ असें त्यास वाटणें साहजिक आहे.

परंतु त्याच संस्थानांतील रेड लेक सरोवराचा वृत्तांत ऐका. अति मासेमारीमुळें तेथील वॉलआय जवळजवळ नाहींसा झाला होता. तेव्हां १९९७ सालीं तेथील ओजिब्वे लोकांनीं आपला मासेमारीचा धंदा आपण होऊन थांबविला. १९९९ सालीं सरकारनेंहि आपल्या भागांत बंदी घातली. पाण्यांत पिलें सोडण्यांत आलीं, आणि २००६ सालीं मासेमारी पुन्हां सुरू झाली. त्यानंतर तेथें ज्यानें पहिला मासा धरला, त्याचा धीर खराच. पण ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन जाळीं कोरडीं ठेविलीं, त्यांचा संयम त्याच्या आधींचा होता.

वाचकहो, कष्टानें वांटा मिळतो, मालकी नव्हे. मोठे वॉलआय बहुधा माद्या असतात. कायद्यानें मोकळीक असतांहि जो अशी मादी पाण्यांत परत सोडितो, त्यानेंच त्या अनोळखी माणसांचें ऋण ओळखिलें.