सोळा टीबीचा नेम

जैन गृहस्थाला परिग्रहपरिमाण, म्हणजे संग्रहाला मर्यादा घालण्याचं व्रत घेताना आकडा सांगावा लागतो. ‘मला कशाचाच लोभ नाही’ एवढ्यावर महाराज सोडत नाहीत. शेत किती एकर, घरं किती, सोनं किती तोळे, धान्य किती पोती, लुगडी किती? एकदा आकडा तोंडातून गेला की त्यापुढचं घरात ठेवायचं नाही. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, हा नेम घेतला तेव्हा साड्यांचाही आकडा वहीत लिहिला. पुढं भाचीच्या लग्नात तिला मानाची पैठणी आली, ती दुसऱ्याच दिवशी कामवाल्या बाईंच्या लेकीला देऊन मोकळी झाली. पैठणी चांगली होती. माझ्यानं झालं नसतं.

शास्त्रानं बाह्य परिग्रहाचे दहा प्रकार मोजलेत: क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, दासी, दास, कुप्य आणि भांड. या दहांत हार्ड डिस्क कुठं बसते, हा प्रश्न मला आक्कानंच घातला. मी त्या वेळी घरच्या सर्व्हरला सोळा टीबीची नवी डिस्क जोडत होतो आणि ती शेजारी खुर्ची घेऊन बसली होती.

सर्व्हर म्हणजे फार काही नाही, वरच्या मजल्यावर ठेवलेला जुना डेस्कटॉप. २०१९च्या महापुरात सांगलीच्या गावभागात आमच्या थोरल्या भावाच्या घरात पाणी शिरलं. अल्बम, वडिलांच्या वह्या, उताऱ्यांच्या नकला, आजोबांच्या छापील पोथ्या, सगळं भिजलं. पोथीची ओली पानं सोडवायला गेलं की वरच्या पानाची शाई खालच्या पानावर उतरलेली असायची आणि दोन्ही वाचता यायची नाहीत. त्यानंतर स्कॅनर घेतला. पावणेरावळे आपापल्या घरचं आणून द्यायला लागले आणि चार डिस्क भरल्या.

माझी सगळी नोकरी वीज मंडळात गेली, त्यामुळं मला कुठलीही वस्तू आधी वॅटमध्ये दिसते. जुन्या चार डिस्क प्रत्येकी सातेक वॅट घ्यायच्या, म्हणजे अठ्ठावीस वॅट. वर्षाचे ८,७६० तास धरले तर २४५ युनिट. नवी एकटी डिस्क वाचन-लेखन नसताना पाचेक वॅटवर फिरते, वर्षाला ४४ युनिट. दोनशे युनिट वाचले. औष्णिक केंद्रात एका युनिटमागं सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. चंद्रपूरला सव्वाशे किलोच्या आसपास कोळसा माझ्यामुळं जळायचा राहिला.

ही बचत कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. जुन्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं आणि ते झाकू नका अशी सूचना असते. आतल्या हवेचा दाब बाहेरच्याशी जुळता राहावा म्हणून. नव्या डिस्कला ते भोक नाही. ती वेल्डिंग करून बंद केलेली आणि आत हेलियम. हेलियमची घनता हवेच्या साधारण सातव्या हिश्शाइतकी, त्यामुळं फिरणाऱ्या तबकड्यांना अडवणारं काही फारसं उरत नाही, मोटरला जोर कमी लागतो आणि तेवढ्याच उंचीत जास्त पातळ तबकड्या बसवता येतात. हातात घेतली तर पाऊण किलोच्या आतबाहेर. तळाची मधली स्क्रूची भोकं मात्र जुन्या ट्रेशी जुळेनात, म्हणून बाजूचे स्क्रू लावले.

“ह्यात मावतं तरी किती?” आक्कानं विचारलं.

स्कॅन केलेल्या एका पोथीला तीस एमबी धरले तर पाच लाख पोथ्या मावतील, असं मी सांगितलं.

“आणि वाचणार कोण?”

पाच लाख पोथ्यांना वजन नाही, त्या कपाट अडवत नाहीत, शेजाऱ्याचं काही हिसकावून त्या आलेल्या नाहीत, वीजही आता पूर्वीपेक्षा कमी. मग यात परिग्रह कसला? मला हा युक्तिवाद पटत होता, आणि तो इतक्या सहज पटला म्हणूनच मला त्याचा संशय आला.

आधी विजेचं बघू. गृहस्थाच्या व्रतांत अनर्थदंडविरती म्हणून एक आहे. हेतू नसताना होणारी हिंसा टाळायची. चूल पेटवावी लागते, तिथं हिंसा आहे पण हेतू आहे. चूल उगाच जळत ठेवली तर तो अनर्थदंड. वीज सजीव अग्निकायात, म्हणजे अग्निरूपी जीवांत, धरायची की नाही यावर श्वेतांबर पंथांमध्ये बराच वाद झाला आहे. मला त्या वादात पडायची गरज वाटत नाही, कोळशाची खाण आणि राखेचा तलाव नोकरीत पाहिलेल्या माणसाला हिंसा शोधायला तारेच्या आत डोकवावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की रात्री अडीच वाजता कुणीही काही मागत नसताना ती डिस्क कशासाठी फिरते? तिला झोपवता येतं, पण पुन्हा उठताना मोटर काही सेकंद वीस-पंचवीस वॅट ओढते आणि उठबस फार झाली की आयुष्य कमी होतं. म्हणून बहुतेक लोक ती फिरतीच ठेवतात. पाच वॅट असोत की अठ्ठावीस, हेतू नसेल तर दंड तोच.

दुसरं असं, की कमी खाणारं यंत्र आणलं म्हणून एकूण खाणं कमी होतंच असं नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’ या पुस्तकात हेच मांडलं. जेम्स वॅटचं सुधारलेलं वाफेचं इंजिन कमी कोळशात जास्त काम करू लागलं, आणि त्यामुळंच इंजिनं जागोजागी बसली आणि इंग्लंडचा कोळसा आणखी जळाला. आमच्या घरात याला दोन महिनेही लागले नाहीत. जागा आहे म्हटल्यावर पुतण्यानं लग्नाचं अख्खं कच्चं चित्रण आणून टाकलं, दोन कॅमेऱ्यांचं. त्यात जेवणाच्या पंगतीचं एका जागी उभं राहून घेतलेलं चित्रण आहे, ते त्यानंही पाहिलेलं नाही. तिकडं काढून ठेवलेल्या चार जुन्या डिस्कही फेकवत नाहीत, ‘असू दे’ म्हणून त्या डब्यात आहेत.

आता मुख्य मुद्दा. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची जी व्याख्या केली ती वस्तूची नाही, मूर्च्छेची आहे. ‘हे माझं’ या भावानं मन बेशुद्ध होणं म्हणजे परिग्रह. व्याख्या फार खोल आहे, आणि पळवाट काढणाऱ्याला तितकीच सोयीची. बंगला आहे पण मूर्च्छा नाही, असं म्हणणारे श्रावक मी पुष्कळ पाहिलेत. मूर्च्छा आली आहे हे मूर्च्छित माणसाला कळणार कसं? गृहस्थाला आकडा सांगायला लावतात तो यासाठीच, असं मला वाटतं. दिगंबर मुनीला आकडा नसतो. त्याच्याजवळ तीनच वस्तू: मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र. अंगावर सूतही न ठेवणाऱ्या माणसाला पोथी चालते, याकडं आपलं नीट लक्ष जात नाही. ती चालते कारण ती उपकरण आहे. वापरायची, आणि विहार करताना जड झाली तर त्या गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, ठेवून पुढं जायचं. जी वस्तू वापरात आहे आणि हातातून सोडता येते ती उपकरण. दोन्हींपैकी एक जरी गेलं तर तीच वस्तू परिग्रह.

पोथीचा जन्मही याच ओढाताणीतला आहे. परंपरा सांगते, गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेन आचार्यांना वाटलं की आपल्याबरोबर मुखपाठानं चालत आलेलं श्रुत, म्हणजे आगमांचं ज्ञान, संपेल. त्यांनी दक्षिणेतल्या मुनिसंघाला निरोप धाडला आणि दोन मुनी आले. आचार्यांनी परीक्षा म्हणून दोघांना एकेक मंत्र साधायला दिला, एकात अक्षर जास्त आणि दुसऱ्यात एक कमी. साधना झाल्यावर देवी प्रकटल्या त्या एकीचे दात पुढं आलेले आणि दुसरीला एकच डोळा. देवतेचं रूप असं नसतं, म्हणजे पाठात खोट आहे, हे त्या दोघांनी ओळखलं, अक्षरं दुरुस्त केली, आणि मगच त्यांना विद्या मिळाली. पुढं तेच पुष्पदंत आणि भूतबली झाले आणि षट्खंडागम लिहिला गेला. माझ्या सर्व्हरमधली फाइल सिस्टिम प्रत्येक तुकड्याची चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवते आणि महिन्यातून एकदा स्क्रब चालवून एकूण एक बिट वाचून पाहते. एक बिट जरी फिरला तरी तिला कळतं. ही कथा ज्यानं रचली त्याला ते काम नेमकं कळलं असतं.

षट्खंडागमावरची आचार्य वीरसेनांची धवला टीका ताडपत्रांवर मूडबिद्रीच्या बस्तीत शतकानुशतकं राहिली. यात्रेकरूंना दर्शन मिळे, वाचायला मिळत नसे. सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीनं १८९६च्या सुमारास तिची नक्कल सुरू झाली. नक्कल करणाऱ्यांत आमच्या शेजारच्या मिरजेचे गजपती शास्त्री होते. बाहेर प्रत न्यायची नाही असं ठरलेलं असताना त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं एक कानडी प्रत गुपचूप तयार केली. ती घेऊन ते सोलापूरला गेले. ज्यांनी एवढी खटपट केली त्या हिराचंदांनी, अशा मार्गानं आलेली प्रत म्हणून, ती ठेवून घ्यायला नकार दिला. शेवटी ती सहारनपूरला गेली, तिथून तिच्या नकला पसरल्या, आणि १९३९ साली अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला भाग छापला. एकूण सोळा भाग झाले.

या प्रकरणात अपरिग्रही कोण? ज्यांनी कुलूप लावलं त्यांच्यामुळं ताडपत्रं टिकली, हे नाकारता येत नाही. हिराचंद सेठ व्रताला जागले. पण आज मी धवला वाचू शकतो तो मिरजेच्या त्या जोडप्यामुळं. मला विचाराल तर मी लक्ष्मीबाईंच्या बाजूचा. चार दानांत शास्त्रदान आहे, आणि ते असं दान की देणाऱ्याकडचं कमी होत नाही. आजच्या डिस्कच्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे. म्हणूनच बंद पडून राहिलेल्या डिस्कला सबब उरत नाही. धवलेचे सोळाही भाग माझ्याकडच्या स्कॅनमध्ये दोन जीबीच्या आत बसतात. बाकीच्या टीबींमध्ये काय आहे, याचं उत्तर मला द्यायला हवं.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, आमच्या बस्तीत कपाटातले ग्रंथ बाहेर काढतात. धूळ झटकायची, वाळवी लागली का पाहायचं, नवं वेष्टण घालायचं. या कामात प्रत्येक ग्रंथ कुणाच्या तरी हातातून जातो आणि चार पानं वाचलीही जातात. यंत्राच्या स्क्रबमध्ये ते होत नाही. बिट शाबूत आहे एवढंच ते सांगतं, तो बिट हवा आहे का हे विचारत नाही. पंगतीचं ते चित्रण आणि आजोबांची पोथी त्याला सारखीच. जतन करण्याचं सगळं पुण्य यंत्रावर सोपवलं की मूर्च्छा लपायला फार छान जागा मिळते.

म्हणून मी नेम टीबीत घ्यायचा नाही असं ठरवलं. दोन वर्षांनी बत्तीस टीबीची डिस्क याच विजेत फिरेल, तेव्हा सोळाचा आकडा मला साधूसारखा वाटेल. मी आक्काला म्हटलं, एका चातुर्मासात जेवढं उघडून बघून होईल तेवढंच ठेवतो.

“म्हणजे चार महिने फोटोच बघत बसणार? मग स्वाध्याय कधी?”

तिचं बरोबर होतं. शेवटी ठरलं ते असं. श्रुतपंचमीपासून आठ दिवस, रोज दोन तास. तेवढ्यात जे फोल्डर हाताखालून जाणार नाहीत ते पुढच्या वर्षी एकदा, आणि तेव्हाही नाही झाले तर पुसायचे. पोथ्या आणि वह्यांची दुसरी प्रत लेकीकडं पुण्याला आणि तिसरी बस्तीच्या ग्रंथालयाला, मागेल त्याला द्यायची या अटीवर. रात्री अकरा ते पहाटे पाच सर्व्हर बंद, सकाळी एकदाच चालू. चार जुन्या डिस्क पुसून भंगारात. हे आक्काच्या वहीत लिहून दिलं आहे, खाली सही करून. दहा प्रकारांपैकी तिनं ते ‘भांड’ या सदरात लिहिलं, भांडीकुंडी येतात त्या ओळीत. मला त्यात खोट काढता आली नाही.

लग्नाचं चित्रण पुसायला पुतण्या अजून तयार नाही. त्याला मुदत पुढच्या श्रुतपंचमीपर्यंत आहे.