दुवा जोडण्याचा मोह

दिवाळीच्या अंकात हरवलेल्या मुलांचा विषय कशाला, असे कोणी विचारील. पण भाऊबीजेला ज्या घरी ओवाळायला नि ओवाळून घ्यायला कोणीच उरले नाही, त्या घराची आठवण सणासुदीलाच व्हावी, यात मला काही वावगे वाटत नाही.

२६ जानेवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरात राष्ट्रीय दिन होता. ब्यूमाँट कुटुंबातील तीन भावंडे, ९ आणि ७ वर्षांच्या दोघी बहिणी नि ४ वर्षांचा भाऊ, ग्लेनेल्गच्या समुद्रकिनाऱ्यावर बसने गेली. वाट पाच मिनिटांची, थोरली समजूतदार. मुलांना असे एकटे धाडण्यात त्या काळी तिथे कोणाला काही वाटत नसे. ती मुले परतली नाहीत. एक उंच, सडपातळ, भुऱ्या केसांचा माणूस त्यांच्याशी खेळताना लोकांनी पाहिला होता. मुलांनी दुकानात खाऊ घेतला तो एका पौंडाची नोट देऊन. आईने तर सुटी नाणीच दिली होती.

सात वर्षांनी, २५ ऑगस्ट १९७३ रोजी, त्याच शहरातील अ‍ॅडलेड ओव्हल मैदानावर फुटबॉलचा सामना चालू असता ११ आणि ४ वर्षांच्या दोन मुली नाहीशा झाल्या. त्या बहिणी नव्हत्या. मोठी छोटीला सोबत म्हणून स्वच्छतागृहाकडे घेऊन गेली होती. दोन्ही वेळच्या संशयितांची चित्रे मिळतीजुळती दिसली, आणि तेव्हापासून लोक या दोन प्रकरणांत दुवा शोधीत आले आहेत. तो सिद्ध झालेला नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत पहिल्या प्रकरणातली नोट शेवटच्या प्रकरणात कामी यावीच लागते. म्हणून दुवा जोडण्याची ही ओढ मला चांगली ठाऊक आहे. पण ती सत्याची ओढ असते की सांत्वनाची? एका शहरात असे दोन नराधम असावेत यापेक्षा एकच असावा, हे मनाला सोसवते. दुवा जोडला की भीती आवाक्यात आल्यासारखी वाटते.

या सांत्वनाची किंमत मात्र दुसरेच कोणी मोजतात. १९६६ सालीच हॉलंडहून जेरार्ड क्रॉइसेट हा अंतर्ज्ञानी म्हणून गाजलेला गृहस्थ आला आणि त्याने एका गोदामाच्या फरशीकडे बोट दाखविले. लोकांनी वर्गणी काढून ती फरशी उखडली. खाली काही नव्हते. पुढे एका कारखान्याची जमीन २०१३, २०१८ आणि २०२५ साली खणली गेली. तिथेही मुलांचा माग लागला नाही. मुलांची आई २०१९ मध्ये आणि वडील २०२३ मध्ये वारले. पहिली दोन खोदकामे त्यांच्या हयातीतलीच. दर वेळी सारे जग उत्सुक होई. त्या दोघांना मात्र काय सापडावे, अशी इच्छा करायची? आणि ज्यांची नावे संशयात गोवली जातात, त्यांतले कित्येक मेलेले. त्यांनी उत्तर तरी कोठून द्यावे?

मग संशयच घेऊ नये काय? तसेही नाही. अमेरिकेत मेरिलंड राज्यात २५ मार्च १९७५ रोजी १२ आणि १० वर्षांच्या लायन भगिनी बाजारातून नाहीशा झाल्या. गुन्हेगाराने कबुली दिली ती २०१७ साली. त्याच्यापर्यंत नेणारा धागा कोठे होता? त्याने स्वतःच काही दिवसांत पोलिसांना दिलेली जबानी दप्तरात पडून होती. २०१३ मध्ये कोणीतरी ती नीट वाचली. नुसत्या सारखेपणाने जे साधले नसते, ते धीराने केलेल्या वाचनाने साधले.

मला वाटते, दुवा हा प्रश्न म्हणून विचारावा, निकाल म्हणून सांगू नये. प्रश्न माणसाला पुन्हा कागदांकडे नेतो. घाईचा निकाल एखाद्या निरपराध्याच्या दारावर दगड मारतो.

वर्गात धाकट्या भावाला हाताशी धरून आणणाऱ्या मुली मी रोज पाहतो. अ‍ॅडलेडच्या त्या दोन प्रकरणांत मला निःशंकपणे दिसणारा दुवा तेवढाच आहे: दोन्ही ठिकाणी लहानग्याला सांभाळायला मोठी मुलगी सोबत होती. तिने आपले काम केले. ज्या कोणी तिच्या विश्वासाचा घात केला, त्याचा शोध थांबू नये. आणि त्यासाठी मुलांना विश्वास ठेवायला शिकविल्याचा पश्चात्तापही आपण करू नये.