आज्ञा कोणाची?

देवाची आज्ञा मानली म्हणजे माणूस लाचार होतो काय? हा प्रश्न जसा आपल्याला, तसाच ख्रिस्ती माणसालाही आहे. त्याचं उत्तर आपल्या किनाऱ्यावरच शोधू.

रेवदंड्याहून कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. घरात ती पोर्तुगीजपासून झालेली स्वतःची बोली बोलते. फिरंग्यांच्या राज्यात हा धर्म इथे आला, तेव्हा राजसत्तेचा जोर त्याच्या पाठीशी होता. कोणी म्हणेल, ही भक्ती कसली, हा तर सरकारी हुकूम! पण १७४० साली चौल-कोर्लई मराठ्यांकडे आली. फिरंगी गेला, धर्म राहिला. हुकूम करणारा गेल्यावरही जे पाळलं जातं, ते कोणाच्या आज्ञेनं?

त्यांच्या शुभवर्तमानात पेत्र नावाच्या कोळ्याची गोष्ट आहे. रात्रभर खपून हाती काही लागलं नव्हतं. जाळी धुवायला घेतली, तोच येशू म्हणाला, खोल पाण्यात जाळं टाक. आता मासेमारी कोणाला कळणार? पेत्राला! येशू तर सुताराच्या घरचा. पेत्रानं रात्रीची हकीकत सांगितली, आणि मग केवळ त्याच्या शब्दाखातर होडी पुन्हा लोटली. जाळं फाटेल इतके मासे मिळाले, ते मागाहून. आज्ञा पाळली ती मासे दिसण्याआधी.

पण आपलं म्हणणं त्यानं आधी सांगितलं, हेही ध्यानात घ्यावं. खुद्द येशूनंही गेथशेमाने बागेत, मरणाचा प्याला टळावा, असं देवाजवळ मागितलं आणि मग त्याची इच्छा शिरी घेतली. तोंड दाबून बसणं म्हणजे शरणागती नव्हे.

पुढे येशूचं नाव घ्यायला धर्मसभेनं बंदी केली. तेव्हा हाच पेत्र म्हणाला, माणसांपेक्षा देवाचं ऐकणं आम्हांला भाग आहे. त्यानं फटके खाल्ले, पण नाव सोडलं नाही. याला लाचारी कोण म्हणेल?

मात्र देवाच्या नावानं हुकूम सोडणारे पुष्कळ असतात. फिरंगीही देवाचंच नाव घेत होता. मग ओळखायचं कसं? देवाची आज्ञा आधी आपल्याला आपलं काही सोडायला लावते. देवाचं नाव घेऊन आलेला माणसाचा हुकूम दुसऱ्याचं हिसकवायला लावतो.

वारकरी बंधूंनो, आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती वडिलांच्या धाकानं, गावाच्या लाजेनं, की पांडुरंगाच्या आज्ञेनं? कोर्लईकरांची परीक्षा राज्य बदललं तेव्हा झाली. आपली रोज होते, कोणी पाहत नसेल तेव्हा.