आधी भांडण दाखव

लातूर

चि. बाळास,


तुझी पटकथा सावकाश वाचली. लघुपटातून शांतता मागायची आणि ती गाण्यातून मागायची, असं तू ठरवलंस याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच जे खटकलं ते स्पष्ट लिहितो. पांढरी कबुतरं, मेणबत्त्या, हातात हात घालून चालणारी मुलं आणि मागे बासरी, एवढ्यावर हे मागणं कुणाच्या काळजापर्यंत पोचणार नाही. तुझ्या गोष्टीत कुणी कुणाशी भांडतच नाही. मग समेट कशाचा करणार?

आपल्या मराठवाड्यातच याचा धडा आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघं जण एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात. तुर्क दखनी वळणाच्या बोलीत बोलतो, हिंदू मराठीत उत्तर देतो. आज सभेत वाचायला धजणार नाही असे टोमणे त्यात आहेत. नाथांनी दोघांनाही बोलू दिलं, पुरतं बोलू दिलं, आणि मग दोघांची गळाभेट घडवली. मनातलं सगळं बाहेर पडलेलं असतं, म्हणून ती गळाभेट खरी वाटते. नाथांना भांडणाची भीती नव्हती. तुला कशाला हवी?

आता सिनेमाकडे ये. प्रभातचा ‘शेजारी’ पाहिला नसशील तर आधी तो पाहा. साल १९४१. वेगळ्या पाकिस्तानाच्या मागणीचा लाहोर ठराव आदल्याच वर्षी झालेला. अशा वेळी व्ही. शांताराम हिंदू-मुसलमान मैत्रीवर चित्रपट काढतात. जिवबा आणि मिर्झा हे दोन म्हातारे मित्र बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. जिवबा केशवराव दाते, मिर्झा गजानन जागीरदार. गावात धरण बांधू पाहणाऱ्या धनिकाला गावाची एकी नको असते, म्हणून तो या दोघांत फूट पाडतो. इथे नीट लक्ष दे. भांडण धर्माचं दिसतं, पण ते पेटवणाऱ्याचा हिशेब पैशाचा असतो. पटकथाकार विश्राम बेडेकरांनी हे भाषण देऊन सांगितलेलं नाही, घडताना दाखवलंय. पट रिकामा पडतो, मित्राच्या दारावरून जाताना मान फिरते, आणि समेट होतो तो थेट फुटणाऱ्या धरणावर, दोघांच्या मरणाच्या क्षणी. पाहणाऱ्याला चटका बसतो तो उशिराचा.

हिंदीत हाच चित्रपट ‘पडोसी’ म्हणून निघाला. त्यात हिंदू ठाकूर झाले मजहर खान आणि मिर्झा झाले जागीरदार. एकाने दुसऱ्याचा पेहराव अंगावर चढवायचा, त्याच्या लकबी उचलायच्या, त्याचं दुःख आपल्या तोंडाने बोलायचं. नुसती पात्रनिवडच किती बोलून गेली बघ. संगीत होतं मास्टर कृष्णरावांचं. ते भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. आणि भास्करबुवा शिकले होते फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे. आपल्या गाण्यातला हिंदू किती आणि मुसलमान किती, हे कुणी वेगळं काढून दाखवावं!

तू नांदेडला शिकतोस, तर लघुपटातल्या गाण्यासाठी तयार ट्रॅक विकत घेऊ नकोस. पहाटे सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन बस. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी गुरू ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली ती तिथे. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदं आहेत, कबीर आहेत, शेख फरीद आहेत. शिंपी, विणकर आणि सूफी एकाच पोथीत रागवार मांडलेले. परंपरेनुसार नामदेवांचं गाव नरसी, म्हणजे आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं. कुणी रागी नामदेवांचं पद घेईल, पेटी आणि तबल्यावर ते हळूहळू चढत जाईल, तेव्हा डोळे मिटून ऐक. रेकॉर्ड करायचं ते रीतसर परवानगी घेऊनच.

आता मनातलं खरं सांगतो. आपल्या भागात न झालेला एक चित्रपट आहे, तो तू करावास. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी याच लातुरात वकिली करत होता. त्याच्या माणसांनी गावोगाव काय केलं ते जुन्या घरांतून अजून सांगितलं जातं. सप्टेंबर १९४८ मध्ये भारत सरकारची पोलीस कारवाई झाली, निजामाची राजवट संपली, आणि पाठोपाठ सूड सुरू झाला. त्यात ज्यांनी काहीच केलं नव्हतं असे मुसलमान शेजारी मारले गेले. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, झेंडा लावतो, तो लावलाच पाहिजे. मुक्तिसंग्रामात माणसांनी जीव दिलाय. ‘इमरोज’ या वर्तमानपत्राचा संपादक शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत राहिला, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला हैदराबादच्या रस्त्यावर मारलं. मुसलमान होता तो. ही सगळी माणसं एकाच गोष्टीत आली पाहिजेत. एक दुःख दाखवून दुसरं झाकलंस, तर तुझ्या चित्रपटाचं पत्रक होईल.

आधी वाचन कर. नरहर कुरुंदकर तुमच्या पीपल्स कॉलेजचे. ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ त्यांचंच. अनंत भालेरावांचा मुक्तिसंग्रामावरचा ग्रंथही मिळव.

मग एक गाव निवड, नाव बदल, आणि दोन घरं घे. मधली भिंत एकच. एका घरातला माणूस रझाकारांच्या वेळी गेलाय, दुसऱ्यातला नंतर. दोन्हीकडच्या बायका अजून एकाच आडावर पाणी भरतात, बोलत नाहीत. गाणं तिथवर येऊच देऊ नकोस. पोहरा पाण्यावर आपटल्याचा आवाज, रहाटाची कुरकुर, एवढंच ऐकू येऊ दे. गाणं कुठे सुरू करायचं ते तू ठरव. मला विचारशील तर जात्यावर. एकीने ओवी धरायची आणि भिंतीपलीकडून दुसरीने नकळत पुढची ओळ उचलायची.

तो काळ पाहिलेली फार थोडी म्हातारी माणसं उरलीत. त्यांच्याकडे जाशील तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेव. चहा घे, ख्यालीखुशाली विचार, दुसऱ्यांदा जा. ते आपण होऊन बोलू लागले तर विचारून मग यंत्र काढ. कुणी नको म्हणालं तर नमस्कार करून उठ.

नवा खर्डा झाला की पाठव. अक्षर मोठं ठेव, डोळे आता साथ देत नाहीत.

तुझा,
आजोबा