सगळा वर्ग एका बाजूला

१९८५च्या अखेरीस टोकियोच्या नाकानो भागातील एका शाळेत मुलांनी वर्गातल्याच एका जिवंत मुलाच्या अंत्यसंस्काराचा ‘खेळ’ मांडला. त्याच्या बाकावर फुले, उदबत्ती आणि निरोपाचे कार्ड ठेवले. त्या कार्डावर वर्गशिक्षकांसह चार शिक्षकांच्या सह्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत त्या मुलाने आत्महत्या केली. एक दांडगट मूल आणि एक दुबळे मूल, अशी ‘इजिमे’ची, म्हणजे जपानी शाळांतल्या छळाची, सोपी मांडणी त्या चार सह्यांनी मोडीत काढली. १९८६मध्येच मोरिता योजी आणि कियोनागा केन्जी या अभ्यासकांनी चार थरांचा सिद्धान्त मांडला: छळ सोसणारा, छळणारे, मजा बघत चेव आणणारे आणि मान खाली घालून बसणारे. छळ किती टिकेल हे बरेचसे चौथ्या थरावर ठरते, हे त्यातले मर्म.

मग हा थर जपानमध्ये गप्प का बसतो? परदेशी वार्ताहरांकडे याचे उत्तर तयारच असते: समूहप्रिय समाज, वेगळा दिसला की ठेचला. मुराहाचिबुचा दाखलाही मिळतो. या जुन्या प्रथेत गाव एखाद्या घराला वाळीत टाकी आणि आग व अंत्यविधी सोडून सगळे व्यवहार तोडी. पण एवढ्याने भागत नाही. शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास प्रथम केला तो डॅन ओल्वेउस यांनी, तोही जपानपासून दूर, स्कँडिनेव्हियात. क्रौर्य सगळीकडचेच. जपानचे वेगळेपण त्याच्या जागेत आणि रूपात आहे: तिथे छळ बराचसा वर्गातच होतो, ओळखीच्यांकडून, अनेकदा कालच्या मित्रांकडून, आणि वाळीत टाकणे, न बोलणे हे त्याचे नेहमीचे हत्यार. जपानच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संशोधन संस्थेने तीच मुले वर्षानुवर्षे तपासली, तेव्हा बहुतेक मुले कधी ना कधी दोन्ही बाजूंना आढळली. ‘बळी पडणारा स्वभाव’ ही समजूत इथेच लंगडी पडते.

म्हणून मला समाजशास्त्रज्ञ नाइतो आसाओ यांचा रोख पटतो. तीच तीस-पस्तीस मुले वर्षभर त्याच खोलीत शिकतात, तिथेच जेवतात, तीच खोली झाडतात. बिनसले तर उठून दुसरीकडे जायची सोय नाही. नाइतो म्हणतात, वर्गपद्धतीच मोडा आणि मारहाण पोलिसांकडे सोपवा. यावर कोणी म्हणेल, ही तर व्यवस्था झाली, संस्कृती कुठे आली? पण एकत्र जेवण आणि झाडलोट तिथे चारित्र्यशिक्षणाचा भाग मानतात. त्याचे कौतुक आपल्याकडच्या भाषणांतही होते. मूल्य वेळापत्रकात उतरले की ते बाहेरून नुसती व्यवस्था दिसते, इतकेच. जे वेळापत्रक जिव्हाळा घडवते, तेच वाळीत टाकलेल्याची कोंडीही करते.

आकड्यांचा आधार मात्र जपून घ्यावा. २००५मध्ये सुमारे २० हजार असलेली छळाची नोंदवलेली प्रकरणे पुढच्याच वर्षी सव्वा लाखाच्या घरात गेली. छळ वाढला असे नव्हे, सोसणाऱ्याच्या बाजूने व्याख्या बदलली. २०२३मध्ये नोंदी सात लाखांवर होत्या, त्यातही शाळांची नोंद घेण्याची तयारी मिसळलेली आहे. उपाय म्हणून २०१३च्या कायद्याने प्रत्येक शाळेला छळविरोधी गट नेमायला लावला. वर्गाच्या रचनेला मात्र हात लावला नाही.